शापाची फिर्याद

न्यायालयांना उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे वकिलाच्या पदरी जो रिकामा वेळ पडतो, त्याचे काय करावे हा प्रश्न दरवर्षी आमच्यापुढे उभा राहतो. एरवी तो एखाद्या जाड ग्रंथाने सुटतो. यंदा तो आमच्या पुतण्याने सोडविला. दिवाणखान्यातील पडद्यावर त्याने एक व्हिडिओ गेम लावला, सुरुवातीचा भाग स्वतः खेळून दाखविला आणि हातातील यंत्र आमच्याकडे देत तो म्हणाला, “काका, या माणसाच्या हातून त्याचाच मुलगा मेला आहे. तुम्ही याचं वकीलपत्र घ्याल का?” प्रश्न थट्टेचा होता. परंतु पुढील पाच आठवडे आम्ही त्या खेळात गुंतून पडलो ते त्या प्रश्नामुळेच, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

नाटक, काव्य आणि कादंबरी यांच्या परीक्षणाला सरावलेल्या या पानांवर अशा खेळाचा विचार कशाला, अशी शंका काही वाचकांना येईल. त्यांना आमची विनंती एवढीच की, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाटकातील खुनाचे आपण साक्षीदार असतो. या खेळातील खून मात्र आपल्या अंगठ्याने कळ दाबल्यावाचून होत नाही. ज्या कलेत रसिकाचा हात कृत्यात सामील होतो, त्या कलेला पाप, प्रायश्चित्त आणि शाप यांविषयी काही सांगावयाचे असेल, तर ते इतर कलांहून वेगळ्या रीतीने सांगता येईल. तसे ते सांगितले गेले आहे काय, हा आमच्या परीक्षणाचा विषय आहे.

खेळाचे नाव ‘असॅसिन्स क्रीड ऑरिजिन्स’. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेने तो घडविला आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तो बाजारात आला. मारेकऱ्यांच्या एका गुप्त संघाची कथा सांगणाऱ्या मालिकेतील हा खेळ असून, त्या संघाचा उगम यात दाखविला आहे. काळ इसवी सनापूर्वी ४९ ते ४४ या वर्षांच्या आसपासचा. इजिप्तच्या गादीवर ग्रीक वंशाचे टॉलेमी आहेत, क्लिओपात्रा आपल्या भावाशी राज्यासाठी झगडत आहे आणि रोमचा हात नाईलपर्यंत पोचला आहे. नायक बायेक हा पश्चिमेच्या वाळवंटातील सिवा या मरूद्यानाचा रहिवासी. अलेक्झांडर ज्या आमोनच्या देवळात कौल घेण्यासाठी इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये गेला होता, तेच हे सिवा. बायेक ‘मेजाय’ आहे, म्हणजे प्रजेचा रखवालदार. मेजाय हे मुळात नूबियाच्या वाळवंटातील लोक. पुढे नव्या राज्याच्या काळात ते नाव पहारेकऱ्यांच्या दलाला लागले. क्लिओपात्राच्या आधी कित्येक शतके ते प्रचारातून गेलेले होते. खेळाने बायेकला ‘शेवटचा मेजाय’ म्हणून ही अडचण उल्लंघिली आहे, आणि कथेपुरती ती सवलत देण्यास आमची हरकत नाही. ज्याचे पद काळाने पुसले आहे अशा माणसाला न्याय कोठे मागावा हे कळत नाही, ही गोष्ट त्यामुळे उलट ठसते.

आता मूळ प्रसंग. काही मुखवटेधारी पुरुष बायेकला आणि त्याच्या कोवळ्या मुलाला, खेमूला, सिवाच्या देवळाखालील भुयारात ओढून नेतात. तेथील एक बंद दालन बायेकने उघडून द्यावे अशी त्यांची मागणी असते. ते कसे उघडावयाचे हे त्याला ठाऊक नाही. झटापट होते. बायेक सुरा उगारून त्यांच्यातील एकावर धावतो, तो मनुष्य बायेकचा हात वळवितो, आणि सुरा खेमूच्या अंगात जातो. यानंतर बायेक आणि त्याची पत्नी आया त्या मुखवट्यांचा एकेक करून शोध घेतात. खेळाचे कथानक ते हेच.

पुतण्याच्या प्रश्नाला येथे उत्तर देता येते. आपल्या देशातील फौजदारी कायदा बायेकला निर्दोष ठरवील, याविषयी आम्हांला संदेह नाही. भारतीय दंड संहितेचे कलम १०६, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ४४ म्हणून आले आहे, ते जणू याच भुयाराकडे पाहून लिहिले आहे. जिवावर बेतलेल्या हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध व्यक्तीला इजा होण्याचा धोका पत्करल्यावाचून गत्यंतर नसेल, तर तो धोका पत्करण्याचा अधिकार हे कलम देते. त्याखाली दिलेले उदाहरण असे: जमावाने घेरलेल्या माणसाला गोळी झाडणे भाग आहे आणि त्या जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. गोळीने मुलाला इजा झाली, तरी त्या माणसाच्या हातून अपराध घडला असे होत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी जमावातील त्या मुलांत बचाव करणाऱ्याचा स्वतःचा मुलगा आहे काय, हे सांगितलेले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती, कारण निर्णय त्याने बदलत नाही.

परंतु आम्ही न्यायालयात वीस वर्षे उभे राहिलो आहोत आणि जे निर्णयाने बदलत नाही तेही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे अपघाताच्या भरपाईचा दावा घेऊन आले. मोटारसायकल ते चालवीत होते, मागे मुलगा बसला होता, ट्रक चुकीच्या बाजूने आला. दोष सर्वस्वी ट्रकचालकाचा, असा निकाल लागला आणि रक्कमही बरी मिळाली. निकालाची नक्कल हाती घेऊन ते म्हणाले, “वकीलसाहेब, हे सगळं बरोबर लिहिलंय. पण हँडल माझ्या हातात होतं.” आम्ही त्यांना काही उत्तर दिले नाही. आजही देता येणार नाही. खेमूच्या मृत्यूचा प्रसंग खेळात पाहताना आम्हांला त्यांची आठवण झाली, आणि खेळणाऱ्या मुलांसाठी बनविलेल्या या वस्तूने आमच्याकडून गंभीरपणाची अपेक्षा करावी, असा तिला अधिकार प्राप्त झाला.

आपल्या परंपरेतील वाचकाला येथे दशरथ आठवेल. शब्दवेधी बाणाने श्रावण मेला. हेतू नव्हता, हात मात्र दशरथाचाच होता. श्रावणाच्या आंधळ्या मातापित्यांनी पुत्रशोकाने मरण्याचा शाप दिला आणि तो खरा झाला. दशरथाला शाप देणारे कोणी होते. बायेकला तेवढेही नाही. तो एकाच वेळी अपराधी हात आहे आणि शोक करणारा बाप आहे. शाप देणारा तोच आणि भोगणाराही तोच. शापित नायकाची याहून विदारक कल्पना आम्हांला सहसा आढळलेली नाही.

इजिप्तच्या लोकांनी अशा माणसाविषयी काय म्हटले असते? शाप या शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे गुंडाळलेली ममी आणि अंधारातील किंकाळी उभी राहते. प्राचीन इजिप्तमधील शापाचे स्वरूप पाहिले तर वकिलाला घरी आल्यासारखे वाटते. आस्वानच्या टेकडीवर हारखुफ नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. सहाव्या राजवंशातील, म्हणजे आजपासून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. अपवित्र स्थितीत जो कोणी आत शिरेल त्याला आपण पाखरासारखे धरू, असा धाक त्यावर कोरला आहे. आणि लगेच पुढे सांगितले आहे की, त्या कृत्याचा न्याय महान देवासमोर होईल. त्या काळातील इतर थडग्यांवरही न्यायनिवाड्याची हीच भाषा आढळते. मेलेला मनुष्य उठून नरडीचा घोट घेईल, एवढ्यावर हे लोक थांबत नाहीत. मेलेला मनुष्य फिर्याद दाखल करील, असे ते सांगतात. त्यांचा शाप म्हणजे परलोकातील न्यायालयाचे समन्स आहे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. कोकणात आणि गोव्यात शिलाहार-कदंबांच्या काळातील गद्धेगाळ म्हणून ओळखले जाणारे दगड अजून शेतांच्या कडेला उभे आहेत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे जे चित्र असते त्याचे वर्णन सभ्य लेखणीने करू नये. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या घराण्याला ती शिवी आहे. ताम्रपटांच्या शेवटी येणारी शापवचने, जमीन हरण करणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होईल ही, त्याच जातीची. राजाचा शिपाई जेथे पोचणार नाही, तेथे कायद्याचे काम करण्यासाठी हे शाप लिहिले गेले. नोंदलेला हक्क, त्याचा भंग आणि त्यावरील शासन असे तीनही घटक त्यांत आहेत. फरक एवढाच की, आपल्या दगडावर शिक्षा आधीच लिहून ठेवली आहे, आणि हारखुफने निवाडा न्यायाधीशावर सोडला आहे.

तो न्यायाधीश ओसिरिस. त्याच्या दरबारात मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याची देवता माआत हिचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवतात. अनुबिस तराजू पाहतो, थोथ शिरस्तेदाराप्रमाणे नोंद करतो, बेचाळीस देव ऐकत बसतात आणि मृत मनुष्य त्यांच्यापुढे एकेक पाप नाकारीत जातो. प्रेतावर संस्कार करताना मेंदू काढून टाकीत. हृदय मात्र शरीरात ठेवीत, कारण साक्ष त्याची व्हावयाची असे. आणि याच ठिकाणी इजिप्तच्या माणसाने एक विलक्षण खबरदारी घेतली. हृदयावर ठेवण्याच्या दगडी भुंगेऱ्यावर तो एक मंत्र कोरून घेई. त्यात तो आपल्याच हृदयाला विनवितो की, न्यायालयात माझ्याविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहू नकोस. आपलाच साक्षीदार उलटेल ही भीती प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे; परंतु ती भीती स्वतःच्या हृदयाविषयी बाळगून तिच्यावर उपाय शोधणारी दुसरी संस्कृती आम्हांला ठाऊक नाही.

बायेकचा शाप तो हाच. भुयारात जे घडले त्याचा एकमेव प्रतिकूल साक्षीदार त्याच्या छातीत आहे. खेळाच्या लेखकांनी हे ओळखले होते याची खूण त्यांनी एका ठिकाणी ठेवली आहे. इजिप्तभर विखुरलेली बारा पाषाणवर्तुळे आहेत. खेमूबरोबर ती पाहण्याचे वचन बायेकने दिले होते. प्रत्येक वर्तुळात बसून आकाशातील तारे जुळवावयाचे. ते जुळले की बायेकला मुलाशी झालेले एखादे जुने बोलणे आठवते. मूल प्रश्न विचारते, बाप उत्तर देतो. शत्रू नाही, घाई नाही. वाळवंटात रात्र आहे आणि एक मनुष्य आपल्या मेलेल्या मुलाशी बोलत बसला आहे. संपूर्ण खेळात आम्हांला जे सर्वांत अधिक आवडले ते हे. येथे आमचा हात कळींवर असूनही कोणाला मारीत नव्हता. ताऱ्यांची नक्षी हळूहळू फिरवीत होता. रसिकाचा हात कृत्यात सामील करण्याची जी शक्ती या कलेत आहे, तिचा असा उपयोग करता येतो हे पाहून आम्ही थक्क झालो.

आणि मग बारावे वर्तुळ पूर्ण झाले. त्या बरोबर गिझाच्या स्फिंक्सखालील एक गुप्त दार उघडते आणि तेथे काही साहित्य भरल्यावर बायेकला एक अद्भुत चिलखत मिळते.

आमची तक्रार या चिलखतापासून सुरू होते. मुलाची आठवण पुरी केल्याबद्दल बापाला बक्षीस! हा अपघाती दोष नव्हे. खेळाच्या यंत्रणेचा तो स्वभाव आहे. या जातीच्या खेळात नायकाची एक पायरी असते. शत्रू मारले, कामे केली की ती चढत जाते. मूळ खेळात ती चाळीसपर्यंत जाते. २०१८ मध्ये आलेल्या दोन पुरवण्यांनी ती प्रथम पंचेचाळीस आणि नंतर पंचावन्न केली. शस्त्रांचेही प्रकार आहेत, साधी, दुर्मिळ आणि दंतकथेतील, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. म्हणजे खेळाची कथा सांगते की, या माणसाचे जे गेले ते कशानेही भरून येणार नाही. आणि खेळाचा हिशेब सांगतो की, प्रत्येक कृत्याने याची भर पडत आहे. एकाच पुस्तकात जमा आणि खर्च यांचे दोन परस्परविरोधी ताळेबंद लिहिले तर हिशेबतपासनीस काय म्हणेल?

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे खेळातील ‘शापित’ शस्त्रे. होय, तशी एक जात आहे. शापित तलवार हाती घेतली की घाव जबर बसतो, आणि त्याच्या मोबदल्यात नायकाचे जीवनबळ पुष्कळ घटते. कुशल खेळाडू ती आनंदाने घेतो, कारण ज्याला मार चुकविता येतो त्याला हा सौदा फायद्याचा आहे. आणि नकोशी झाली की ती पोतडीत टाकून दुसरी घेता येते. शापाची अशी व्याख्या जगातील कोणत्याही पुराणात नाही. जे राजीखुशीने स्वीकारले आणि मनात येईल तेव्हा सोडून दिले, तो करार झाला. शाप माणसाला चिकटतो, त्याची अनुमती विचारीत नाही; त्याला उःशाप असलाच तर तो दुसऱ्याच्या हाती असतो. ज्या खेळाच्या नायकाला आपला उजवा हात पोतडीत टाकता येत नाही, त्याच खेळाने शापाला एक वस्तुगुण करून त्याची किंमत लावावी, याचे आम्हांला वाईट वाटते.

दुसरी पुरवणी १३ मार्च २०१८ रोजी आली. तिचे नावच ‘द कर्स ऑफ द फेरोज’, फेरोंचा शाप. बायेक थीब्जला येतो. तूतनखामेनच्या थडग्यातून एक दिव्य वस्तू चोरीला गेली आहे आणि मेलेले फेरो छायारूपाने भर वस्तीत प्रकट होऊन लोकांना ठार करीत आहेत. बायेक राजांच्या दरीत एकेक थडगे उघडतो, आतील प्रकाशाच्या दारातून त्या त्या राजाच्या परलोकात जातो आणि त्याला शांत करतो. नेफरतीतीच्या परलोकात सोनेरी बोरूंचे अफाट रान आहे आणि त्या रानातून, पाणी नसताना, नावा संथपणे चालल्या आहेत. इजिप्तच्या माणसाला मृत्यूनंतर हवे असलेले शेत ते हेच. इतके रम्य दृश्य आम्ही चित्रपटांतही क्वचितच पाहिले आहे. अखेनातनसाठी सूर्यबिंबाचे नगर, तूतनखामेनसाठी अंधारी दुआत, रामसेससाठी त्याच्या विजयोत्सवाची भूमी: चित्रकारांनी आपले काम उत्तम केले आहे.

परंतु त्या दुआतेत न्यायालय चालताना दिसत नाही. तराजूचा देव म्हणून ज्याला आपण ओळखतो त्या अनुबिसाच्या रूपाचे योद्धे आहेत, आणि ते भाला घेऊन अंगावर येतात. ज्याने हृदय तोलावयाचे त्याला शिपाई केले! बायेकसारख्या माणसाला परलोकात नेऊन त्याचे हृदय तराजूत न घालणे, ही या पुरवणीने दवडलेली सर्वांत मोठी संधी आहे. मुलाच्या मृत्यूचा एकमेव साक्षीदार प्रत्यक्ष न्यायसभेच्या दारापर्यंत आला, आणि त्याला न पुकारता परत पाठविले गेले.

याचे कारण असे की, पुरवणीने शापाची कल्पना इजिप्तच्या थडग्यांवरून न घेता विसाव्या शतकातील वर्तमानपत्रांवरून घेतली. हॉवर्ड कार्टरला तूतनखामेनचे थडगे ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडले. त्याचा आश्रयदाता लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरो येथे मरण पावला. डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली आणि रक्त दूषित झाले. बातमीचा मक्ता लंडनच्या टाइम्सला दिलेला असल्यामुळे इतर पत्रांना छापण्यास काही तरी हवेच होते. शाप छापला गेला. वस्तुतः त्या थडग्यात तशी शापवाणी कोरलेली आढळली नाही. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगला. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तपासणी प्रसिद्ध झाली. थडग्याशी संबंध आलेल्या पंचवीस पाश्चात्त्यांचे सरासरी वय मृत्यूसमयी सत्तर निघाले आणि शापाला कोणताही आधार मिळाला नाही. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे हा खटला पहिल्याच तारखेला काढून टाकण्याजोगा आहे.

वस्तुस्थिती किती अधिक रोचक होती! थीब्जच्या थडगेचोरांवर खरोखरीच खटले झाले आहेत आणि त्यांची कागदपत्रे आज उपलब्ध आहेत. नवव्या रामसेसच्या कारकीर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास, पूर्व थीब्जचा नगराध्यक्ष पासेर याने पश्चिम तीरावरील थडगी फोडली जात असल्याची तक्रार केली. पश्चिमेचा अधिकारी पावेरा याच्या हद्दीतील ही गोष्ट. चौकशी मंडळाने दहा राजांची थडगी तपासली आणि एकच फुटलेले आढळले, असे ॲबट पपायरसमध्ये नमूद आहे. आमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब दुसऱ्या पपायरसमध्ये आहे. राजा सोबेकेमसाफचे थडगे फोडून त्याने व त्याच्या साथीदारांनी राजाराणीच्या अंगावरील सोने काढले, शवपेट्या जाळल्या आणि लूट आठ जणांत वाटून घेतली. प्रत्येकी वीस देबेन. तो एकदा पकडला गेला तेव्हा आपला वाटा एका कारकुनाला देऊन सुटला, पुन्हा टोळीत आला आणि साथीदारांनी त्याची भरपाईही करून दिली. या कबुलीजबाबाचा वरचा अर्धा भाग ब्रुसेल्सच्या संग्रहातील एका लाकडी मूर्तीच्या पोटात दडलेला १९३५ मध्ये सापडला. शापाला न भिणारे चोर, लाच घेणारा कारकून, परस्परांवर कुरघोडी करणारे दोन नगराध्यक्ष आणि हद्दीचा वाद! आमच्या तालुक्याच्या कोर्टात हे सारे चालले असते तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

पुरवणीतील बायेक याच दरीत हिंडतो आणि, लक्षात घ्या, पेट्या उघडतो. मूळ खेळातही प्रत्येक प्राचीन थडग्यात एक शिलाफलक असतो. तो वाचला की कौशल्याचा एक अंक मिळतो, आणि वाटेतील ऐवज खेळाडू उचलतो. थडगेचोरांना शासन करणारा नायक स्वतः थडग्यांतील माल नेत आहे, याची जाणीव खेळाला नाही. असती तर केवढे नाट्य निर्माण झाले असते! आमेनपनुफेर आणि बायेक समोरासमोर उभे करावयाचे आणि विचारावयाचे, तुम्हा दोघांत फरक काय?

पुरवणीच्या शेवटी शापाचे मूळ उघड होते: कर्नाकच्या देवळातील आमोनची देवपत्नी इसिदोरा. हे पद इराण्यांनी इजिप्त जिंकले तेव्हा, इसवी सनापूर्वी ५२५ मध्ये, संपले होते. तेही सोडून देऊ. दिव्य वस्तूच्या साहाय्याने ती फेरोंच्या छाया उठवीत आहे. आईच्या मृत्यूचे शल्य तिच्या मनात आहे. म्हणजे येथे शापाला अखेर एक फिर्यादी मिळाली! बायेकने मुलासाठी जे केले तेच ती आईसाठी करीत आहे. फिर्याद तिची, निवाडा तिचा आणि फाशी देणारा हातही तिचाच. या दोघांना एकमेकांत आपला चेहरा दिसावयास हवा होता. खेळाने त्यासाठी चार वाक्ये खर्च केली आणि मग त्यांची लढाई लावून दिली. आम्ही ती जिंकलो. जिंकल्यावर काय वाटले पाहिजे, हे मात्र आम्हांला समजले नाही.

आमच्या पुतण्याचे यावर एक म्हणणे आहे, आणि ते न ऐकता निकाल देणे न्यायाचे होणार नाही. तो म्हणतो, “काका, पायरी चढली नाही, शस्त्र मिळालं नाही, तर पन्नास तास कोण खेळेल? आणि कोणी खेळलं नाही तर खेमूची गोष्ट तरी कोणाला कळेल?” युक्तिवाद बिनतोड नाही, पण वजनदार आहे. कीर्तनकारही मध्येच विनोद करतो, आणि रात्रभर चालणाऱ्या दशावतारात संकासूर प्रेक्षकांना जागे ठेवतो. रंजनाचा मार्ग आम्ही निषिद्ध मानीत नाही. परंतु कीर्तनकाराचा विनोद आख्यानाच्या सेवेत असतो. आख्यान पुत्रशोकाचे असेल तर तो चिलखत वाटत नाही.

याच निर्मात्यांनी दुसरा मार्ग शक्य आहे हे स्वतःच दाखविले. २० फेब्रुवारी २०१८ रोजी त्यांनी ‘डिस्कव्हरी टूर’ नावाचा भाग दिला. त्यात लढाई नाही, पायऱ्या नाहीत. इजिप्तमधून पंचाहत्तर सहली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी माहिती सांगणारा आवाज आहे. पिरॅमिड, ममी करण्याची रीत, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, शेतकऱ्याचे जीवन. शाळांसाठी काढलेल्या या भागात ग्रीक पुतळ्यांच्या नग्नतेवर शिंपले झाकले आहेत. ज्या खेळात माणसांचे गळे चिरण्यास मुभा आहे, त्याच्या शाळकरी आवृत्तीने दगडाची एवढी लाज बाळगावी, याचे हसू आल्यावाचून राहत नाही. तथापि हा भाग मोलाचा आहे. शत्रूवाचूनही लोक त्या भूमीत तासन्‌तास रमतात, हे त्याने सिद्ध केले.

इजिप्तच्या स्वतःच्या वाङ्मयात शापित नायकाची एक गोष्ट आहे. ब्रिटिश म्युझियममधील हॅरिस ५०० या पपायरसवर ती लिहिलेली आहे. राजपुत्र जन्माला येताच सात हाथोर देवता सांगतात की, याला मृत्यू मगरीपासून, सापापासून किंवा कुत्र्यापासून येईल. बाप त्याला वाळवंटातील घरात कोंडून ठेवतो. मूल गच्चीवरून एका वाटसरूमागे कुत्रा जाताना पाहते आणि तसाच हवा म्हणून हट्ट धरते. बापाचे मन द्रवते व तो पिल्लू आणवितो. पुढे मोठा झालेला राजपुत्र परदेशी जाऊन राजकन्या मिळवितो आणि आपली नियती तिला सांगतो. ती म्हणते, मग तो कुत्रा मारून टाक. तो नकार देतो. पिल्लू असल्यापासून वाढविलेल्या कुत्र्याला तो मारणार नाही. साप मरतो तो बायकोच्या सावधपणामुळे. मगर त्याला गाठते, आणि पपायरस तेथे फाटलेला आहे. शेवट आपल्याला मिळालेला नाही.

तो कुत्रा म्हणजे शापित वस्तूच आहे. परंतु तिच्यापासून मोकळे होण्याची किंमत देण्यास राजपुत्र तयार नाही. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कथालेखकाला जे समजले होते, ते पाषाणवर्तुळे रचणाऱ्या आजच्या लेखकालाही समजले होते, अशी आमची खात्री आहे. बायेकही खेमूची आठवण टाकून देत नाही. सूड पुरा झाल्यावर तो आणि आया एकमेकांपासून दूर होतात, आपापल्या कामाला लागतात; कोणाचेही घर पुन्हा बसत नाही. एवढा प्रामाणिक शेवट करण्याचे धैर्य दाखविल्याबद्दल आम्ही लेखकांचे अभिनंदन करतो.

पुतण्याला आमचे उत्तर असे की, वकीलपत्र आम्ही घेऊ आणि कलम ४४ वर खटला जिंकूही. जिंकल्यावर अशिलाचे काय झाले हे मात्र विचारू नये. खेळावयाचाच असेल तर त्याने, आणि वाचकांनीही, तो पाषाणवर्तुळांसाठी खेळावा. रात्री, दिवा मालवून, सावकाश. बाराही पुरी करावीत. आणि स्फिंक्सखालचे दार उघडले की, ते चिलखत तेथेच राहू द्यावे.